गोवंडीतलं मेडिकल, औषध निरीक्षकांची भेट आणि कापलेल्या स्ट्रिपांचा डबा

काउंटरवाली | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पाककृतींच्या धाग्यांवर कधीतरी एखादा प्रतिसाद, बस. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी बी. फार्म. गोवंडीत शिवाजीनगरला एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. दुकान माझं नाही, मालक वेगळे. भिंतीवर सर्टिफिकेट माझं आहे आणि त्याच्या खाली रोज साडेनऊपासून मी स्वतःही उभी असते. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण नुसतं सर्टिफिकेट भाड्याने देणारेही असतात.

परवा तपासणी झाली. दुपारचे दोन, गर्दी नव्हती, मी जेवणाचा डबा उघडून बसले होते. साहेबांनी ओळखपत्र दाखवलं आणि कामाला लागले. औषधविक्रीची वीस आणि एकवीस नंबरची लायसन्सं भिंतीवर आहेत का, माझं नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, फ्रिजचं तापमान, खरेदीची बिलं, विक्रीची बिलं, एक्स्पायरीचा माल वेगळा ठेवलाय का. सगळं जागच्या जागी होतं. मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी काउंटरखालचा खण ओढला.

त्यात मिठाईचा एक रिकामा खोका आहे. आमच्याकडे त्याला 'कटिंगचा डबा' म्हणतात. कापलेल्या स्ट्रिपांचे तुकडे त्यात टाकायचे. कुठे एक गोळी, कुठे दोन, कुठे साडेतीन (हो, साडेतीन, कात्री चुकली की होतं). नाव अर्धंच उरलेलं, फॉइलच्या कडा ब्लेडसारख्या. साहेबांनी शांतपणे एकेक उचलून काचेवर मांडायला सुरुवात केली, पत्त्यांचा डाव मांडावा तसं. ज्यांच्यावर ना बॅच नंबर ना एक्स्पायरी, असे अकरा तुकडे निघाले. मग प्रत्येकावर बोट ठेवून, "ह्याची एक्स्पायरी?" सात मला सांगता आले. चार नाही.

फॉर्म ३५ च्या तपासणी वहीत तसा शेरा गेला. खुलासा द्यायला आठवडा दिलाय. त्यांचं काहीही चुकलं नाही आणि बोलणंही सभ्य होतं, उगाच कुणी खात्यावर घसरू नका.

आता माझी अडचण. आमच्याकडे दहाची पूर्ण स्ट्रिप घेणारं गिऱ्हाईक विरळा. जरीकाम, भंगार, नाका कामगार. पैसा संध्याकाळी हातात येतो आणि उद्याचा उद्या. "दीदी, बीपी की दो दे दो, परसों फिर आती हूँ." मी नाही म्हटलं तर ती बाई गोळी सोडून देते, पूर्ण स्ट्रिप घेत नाही. साखरेच्या गोळ्यांचं तेच. म्हणजे कात्री बंद केली तर तपासणीत मी पास होईन आणि त्या बाईचं बीपी १८० ला जाईल.

तुमच्याकडे काय करतात? मेडिकलवाले, फार्मासिस्ट, गिऱ्हाईक, कुणीही सांगा.

वरणफळ | सोमवार, रात्री ११:०५

वाचतेय. साडेतीन गोळीवर हसले आणि मग वाईट वाटलं.

पस्तीस_नंबर | मंगळवार, सकाळी ६:२०

सदस्यनामावरून ओळखलं असेलच. मी अन्न व औषध प्रशासनातून औषध निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर त्या वहीत शेरे लिहिले, आता नातवाच्या गृहपाठावर लिहितो.

ताई, आधी एक सांगतो. तुम्ही डबा उघडून बसला होतात ना, तिथेच निम्मी तपासणी झाली. आम्ही दुकानात शिरलो की पहिल्यांदा फार्मासिस्टचा जेवणाचा डबा, चष्मा, छत्री शोधायचो. सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस डोंबिवलीला, हा प्रकार इतका होता की विचारू नका. महिन्याला पैसे घेऊन नाव भाड्याने द्यायचं. २०१२ च्या सुमारास महेश झगडे आयुक्त असताना 'फार्मासिस्ट नाही तर विक्री नाही' यावर मोहीम निघाली, तेव्हा दुकानदारांनी बंद पुकारले होते. कायदा मात्र तेव्हा नवा नव्हता. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं, हे १९४५ च्या नियमांतल्या नियम ६५ मध्ये आधीपासूनच होतं.

आता कात्री. गोळ्या सुट्या देण्याबद्दल निरीक्षक तुम्हाला धरत नाही. मुदत संपलेलं औषध विकता येत नाही, आणि ज्या तुकड्यावर मुदतच नाही तो मुदतीत आहे हे तुम्ही सिद्ध कसं करणार? मुद्दा एवढाच. तेव्हा:

स्ट्रिपवर बॅच आणि एक्स्पायरी साधारण एका कडेला ठोकलेली असते. कापायला सुरुवात कायम दुसऱ्या कडेने करा. छापील कडेची गोळी सगळ्यात शेवटी जाईल. तोवर दुकानात उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर मुदत असेल. एका औषधाची एक स्ट्रिप संपल्याशिवाय दुसरीला कात्री लावायची नाही. आणि तो मिठाईचा खोका आजच्या आज फेकून द्या! तुकडा परत आपल्या मूळ बॉक्समध्येच गेला पाहिजे. सगळा घोटाळा खोक्यात आहे, कात्रीत नाही.

उरला प्रश्न गिऱ्हाइकाच्या हातातल्या तुकड्याचा. त्यावर काहीच छापलेलं नसतं. कागदी पाकिटात घालून पाकिटावर औषधाचं नाव, बॅच, मुदत लिहून द्या. वेळ जातो, मान्य.

सदाशिव_केमिस्ट | मंगळवार, सकाळी ९:१५

वेळ जातो, मान्य! किती सहज लिहिलंत. निवृत्तीनंतर सगळ्यांनाच वेळ असतो.

माझं पुण्यात तीस वर्षांचं दुकान आहे. किंमत नियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन, २०१३ च्या आदेशाने. त्यात दुकानाचं भाडं, फार्मासिस्टचा पगार, एसी, फ्रिज, उधारी. वर ऑनलाइनवाले वीस-पंचवीस टक्के सूट देतात, त्यांच्या गोदामात कोण जाऊन खण ओढतं? दोन गोळ्यांच्या पाकिटावर बॅच नंबर लिहायला माणूस ठेवला तर पाकीट गोळीपेक्षा महाग पडेल.

आमच्याकडे नियम साधा आहे, पूर्ण स्ट्रिप घ्या नाहीतर पुढचं दुकान बघा.

काउंटरवाली | मंगळवार, सकाळी ९:४०

दादा, तुमच्याकडे 'पुढचं दुकान' म्हणजे दुसरा केमिस्ट. आमच्याकडे ते गल्लीतलं किराणा दुकान असतं, तिथे बरणीत पॅरासिटामॉल आणि डोकेदुखीच्या गोळ्या मिळतात. नाहीतर 'बंगाली डॉक्टर', म्हणजे डिग्री नसलेला.

पस्तीसकाका, आभार. खोका काल रात्रीच काढला. कापायची दिशा मात्र अकरा वर्षांत कुणी शिकवली नव्हती. कॉलेजात कॅप्सूल भरायला शिकवलं.

रफीकनगरचा_मुलगा | मंगळवार, दुपारी १:३०

मी त्याच भागात वाढलो. आता ठाण्याला राहतो. मेडिकलबद्दल एवढ्या आपुलकीने लिहिलेलं पहिल्यांदा वाचतोय, म्हणून दुसरी बाजू लिहितो. ताई, तुमच्यावर रोख नाही.

आमच्यासाठी मेडिकलवाला हाच डॉक्टर होता. अंग दुखतंय म्हटलं की तो चार बरण्यांतून चार रंगांच्या गोळ्या काढून कागदाची पुडी बांधायचा. तीन पुड्या, तीन वेळा. चिठ्ठी नाही, बिल नाही, गोळीचं नाव नाही. आईचे गुडघे दुखायचे. त्या पुडीने तिला इतकं बरं वाटायचं की ती म्हणायची, ह्याच्या हाताला गुण आहे. वर्षभर घेतली. मग चेहरा गोल सुजला, साखर वाढली, अंगावर जरा लागलं तरी काळंनिळं व्हायचं. सायन हॉस्पिटलला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी एका नजरेत विचारलं, पुडी घेता का? त्यातली एक बारीक पांढरी गोळी स्टेरॉइडची होती.

ते दुकान कधीच बंद झालं, नाव लिहून उपयोग नाही. पण 'गरीब माणसाची सोय' हे शब्द आले की मला ती पुडी आठवते. त्या मेडिकलवाल्यानेही सोयच केली होती.

म्हणून माझं मत: त्या अकरा तुकड्यांवरून जो शेरा आला तो यायलाच हवा होता. बाकी वस्त्यांत येतो तेवढा सुद्धा कमीच.

वरणफळ | मंगळवार, दुपारी १:५२

बापरे. आई आता कशा आहेत?

रफीकनगरचा_मुलगा | मंगळवार, दुपारी २:१०

साखर राहिली कायमची. बाकी ठीक, सिरियल बघतात.

पस्तीस_नंबर | मंगळवार, दुपारी ४:३५

रफीकनगरचे साहेब, 'तेवढा सुद्धा कमीच' हे बरोबर बोललात. विक्रीच्या प्रत्येक दुकानाची वर्षातून निदान एकदा तपासणी व्हावी असं नियम ५१ सांगतो. डॉ. माशेलकरांच्या समितीने २००३ साली हिशोब मांडला होता, दोनशे विक्री दुकानांमागे एक निरीक्षक हवा. आमच्याकडे हा हिशोब कधी जुळलेला मी पाहिला नाही. शिवाय निरीक्षकाला फक्त दुकानं नसतात. नमुने घ्यायचे, त्याचे चार भाग करून सील करायचे, कोर्टाच्या तारखा, रक्तपेढ्या, तक्रारी. मग होतं काय, माणूस जिथे पटकन पोहोचता येतं तिथे जास्त जातो. गल्लीच्या आतल्या दुकानापर्यंत जीप जात नाही, कारण फक्त रस्त्याचं नसतं.

बेळगावी_कुंदा | मंगळवार, संध्याकाळी ७:००

धाग्याचा काश्मीर (म्हणजे भांडणाचा आखाडा) न होता चाललाय, अभिनंदन. एक भाबडा प्रश्न: बोर्डावर कुठे 'मेडिकल', कुठे 'फार्मसी', कुठे 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' असतं. फरक काय?

पस्तीस_नंबर | मंगळवार, संध्याकाळी ७:२५

कागदावर फरक आहे. फार्मासिस्ट आहे पण दुकानात औषध बनवून देत नाहीत ते 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स'. चिठ्ठीप्रमाणे मिश्रण बनवून देतात ते 'फार्मसी'. 'मेडिकल' हे आपलं बोलीतलं, त्याला नियमात जागा नाही.

ब्रॅडफर्डचा_सांगलीकर | मंगळवार, रात्री ११:५०

मूळ सांगलीचा, इंग्लंडात ब्रॅडफर्डला फार्मासिस्ट. भारतातली डिग्री असली तरी इथे वर्षाचा कोर्स, वर्षाचं प्रशिक्षण आणि वर परीक्षा देऊन उभं राहिलो. माझं दुकान इथल्या हिशोबाने गरीब वस्तीतलंच आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

इथली तपासणी जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल करतं. २०१९ पासून निरीक्षक साधारणपणे न सांगता येतात आणि अहवाल दुकानाच्या नावासकट इंटरनेटवर टाकतात, कुणीही वाचावा. पाच तत्त्वांवर बघतात: कारभार, माणसं, जागा, सेवा, साधनं. मला आवडलेली गोष्ट अशी की ते माझ्याशी कमी बोलतात, काउंटरवरच्या पोरीशी जास्त. आमच्याकडे आले तेव्हा तिला विचारलं, "तोच माणूस ह्या आठवड्यात दुसऱ्यांदा कोडीनच्या गोळ्या मागतोय, तू काय करशील?" (कोडीनची सवय लागते.) ती म्हणाली, फार्मासिस्टला बोलावीन. मग म्हणाले, "आणि तो जेवायला गेला असेल तर?" मी आतून ऐकत होतो, घशाला कोरड पडली होती.

दुसरं, चुका लिहायची वही. औषध गिऱ्हाइकाच्या हातात जायच्या आधी सापडलेली चूकसुद्धा लिहायची. वही कोरी असेल तर निरीक्षक खूश होत नाही, उलट भुवया वर जातात. चुका होत नाहीत असं दुकान नसतं, लिहीत नाहीत असं असतं.

सेवा म्हणाल तर सकाळी व्यसनमुक्तीवाले येतात. मेथाडोनचा हिरवा डोस माझ्यासमोर प्यायचा, वर पाणी, दोन शब्द बोलायचे म्हणजे गिळला ते कळतं. २०२४ च्या जानेवारीपासून सात किरकोळ आजारांवर डॉक्टरांशिवाय आम्हीच औषध देतो, घसा, कान, बायकांची लघवीची साधी जळजळ वगैरे. आणि एक गंमत, इंग्लंडात गरीब वस्तीतल्या माणसाला चालत फार्मसी गाठणं श्रीमंत वस्तीपेक्षा सोपं आहे. डॉक्टर मात्र तिथे माणसांच्या मानाने कमी. पण गेल्या काही वर्षांत पैसे पुरत नाहीत म्हणून दुकानं बंद होताहेत. सदाशिवदादा, रडगाणं इथेही तेच आहे, फक्त पौंडात.

सदाशिव_केमिस्ट | बुधवार, सकाळी ८:५०

मेथाडोन पाजायचे सरकार पैसे देतं ना? आम्हाला सल्ल्याचे कोण देतं? गिऱ्हाईक वीस मिनिटं डोकं खाऊन तीच गोळी मोबाइलवर मागवतं.

(चुकांच्या वहीची कल्पना मात्र चांगली आहे. आमच्या पोऱ्याला आजच दिली.)

काउंटरवाली | बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. रफीकनगरचे दादा, तुमचा तर मालकांनाही वाचून दाखवला. आमच्याकडे बरण्या नाहीत, पण 'ताई, मागच्या वेळची पुडी दे' म्हणणारी बाई आठवड्यात एकदा येतेच. तिला दिली नाही की ती रागावून जाते, आणि कुठे जाते ते मला माहीत असतं.

एच-वनच्या रजिस्टरबद्दल सांगते, कारण माझं मत त्यावर बदललंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१४ च्या १ मार्चपासून शेड्यूल एच-वन नावाच्या यादीतल्या औषधांची (सुरुवातीला ४६) वेगळी नोंद ठेवावी लागते. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपायची. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, कोडीन, सगळं त्यात. सुरुवातीला मला हे निव्वळ कारकुनी काम वाटायचं. एका हाताने गिऱ्हाईक, एका हाताने वही.

आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर पोरं येतात. सतरा-अठराची. 'बटन' (नशेसाठी गोळ्या) मागतात, नाहीतर खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या. खोकला एकालाही नसतो. नुसतं 'नाही' म्हटलं तर वाद घालतात, एकाने काचेवर हात आपटला होता. आता मी नाही म्हणतच नाही. लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर उघडते, पेनाचं टोपण काढते आणि म्हणते, "चिठ्ठी दे. नाव बोल. पत्ता? कौनसा रोड, कौनसा प्लॉट?" पत्त्यापर्यंत अजून कुणी थांबलेलं नाही.

आणि टीबी. आमच्या एम-पूर्व वॉर्डात (गोवंडी-मानखुर्द) राहणाऱ्याला टीबी म्हणजे काय ते समजावावं लागत नाही. औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, म्हणून आमच्याकडे फारसं कुणी येत नाही. पण २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये तुटवडा झाला होता तेव्हा लोक रिकामी स्ट्रिप मुठीत धरून आले. एक रिक्षावाला, चौथा महिना चालू, म्हणाला दोन दिवसांच्या दे, परवा केंद्रात येतील म्हणतात. माझ्याकडे केंद्रातल्या त्या एकत्र गोळ्या (एकाच गोळीत सगळी औषधं) नव्हत्याच, सुटी औषधं होती, आणि वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टरांशिवाय ठरवायची नाही. केंद्रातल्या सिस्टरना फोन लावला, त्यांनी दुसऱ्या केंद्राचं नाव दिलं, मी ते पाकिटावर लिहून दिलं. ह्या गोष्टीची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये करायची? फॉर्म ३५ मध्ये तिला रकाना नाही. सांगलीकर म्हणतात तशी 'सेवा' आमच्या तपासणीत कुणी विचारत नाही, फ्रिजचं तापमान विचारतात.

खेड्यातला_डॉक्टर | गुरुवार, सकाळी ७:३०

ताई, तुमच्या धाग्यात एक विषय राहिला. चिठ्ठीवर महागडा ब्रँड, तुमच्या फळीवर त्याच घटकाची पाचपट स्वस्त गोळी. बदलून देता?

काउंटरवाली | गुरुवार, सकाळी ९:१०

डॉक्टरसाहेब, जाहीर ठिकाणी हे विचारता होय! :)

नाही देत. नियम ६५ चं ११-अ: शेड्यूल एच, एच-वन, एक्समधलं (ह्या चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या औषधांच्या याद्या) औषध चिठ्ठीवर असेल तर त्याऐवजी दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरी. गिऱ्हाइकाला सांगते, डॉक्टरांकडून घटकाचं नाव लिहून आण. काही डॉक्टर देतात. काही म्हणतात, मेडिकलवालीला डॉक्टरकी कुणी शिकवली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जेनेरिक नावानेच लिहा म्हणून नियम काढले आणि त्याच महिन्यात गुंडाळून ठेवले. त्या तीन आठवड्यांत मला वाटलं होतं आता आपलं काम सोपं होणार.

ब्रॅडफर्डचा_सांगलीकर | गुरुवार, दुपारी ३:२०

इथेही ब्रँड लिहिला असेल तर तोच द्यावा लागतो. फरक एवढाच की इथले डॉक्टर बहुतेक वेळा घटकाचंच नाव लिहितात, त्यामुळे प्रश्न काउंटरपर्यंत पोचत नाही.

पस्तीस_नंबर | शनिवार, सकाळी ६:०५

ताई, खुलासा दिलात का? 'चूक झाली, पुन्हा होणार नाही' एवढंच लिहू नका. काय बदललं ते लिहा आणि नव्या पाकिटाचा नमुना जोडा. निरीक्षक वाचतो हो.

काउंटरवाली | रविवार, रात्री ९:३०

दिला. नमुना जोडला.

मालकांनी रबरी शिक्का करून आणलाय: नाव, बॅच, मुदत, कधी घ्यायची. कधी घ्यायचीसाठी सूर्य आणि चंद्र आहेत, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी. सूर्य जरा ऑम्लेटसारखा आलाय. पहिले दोन दिवस रांग वाढली, लोक ओरडले. शेजारच्या चहावाल्याचा मुलगा शाळेतून आला की पाकिटांवर शिक्के मारून देतो, बदल्यात चॉकलेट.

आज ती बीपीवाली बाई आली. कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा दाखवून 'हीच' म्हणायची तिची सवय. आज पदराच्या गाठीतून घडी घातलेलं पाकीट काढून काचेवर ठेवलं आणि सूर्यावर बोट ठेवून म्हणाली, "ये वाली. और इस बार चार दे दो."